साठवण तलावातील बाभळींवर चित्रबलाकांची घरटी : गाळ केव्हा आणि कोठून काढावा?

सिंदफणाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी बीड जिल्ह्यातील एका गावात प्राथमिक शिक्षक आहे. गावाचे नाव येथे मुद्दाम लिहीत नाही, कारण घरट्यांचा पत्ता एकदा फुटला की कॅमेरे घेऊन येणाऱ्यांना आवरणे गावाला जमत नाही, असे इतर ठिकाणचे ऐकून आहे.

गावाच्या उत्तरेला जुना साठवण तलाव आहे. त्याच्या वरच्या अंगाला, जेथे ओढा तलावात उतरतो तेथे, पाण्यातच उभ्या असलेल्या गावठी बाभळींचा एक झुबका आहे. मागील वर्षी त्यावर चित्रबलाकांची (ही करकोच्यांचीच एक जात) मोजकी घरटी होती आणि यंदा जानेवारीपासून पक्ष्यांनी काड्या वाहायला सुरुवात केल्यावर घरट्यांची संख्या चाळीसच्या आसपास गेली आहे. ओळखीबद्दल शंका नाही : टोकाशी किंचित खाली वळलेली पिवळी चोच, डोक्यावरची नारिंगी उघडी कातडी, छातीवर काळ्या-पांढऱ्या खवल्यांचा आडवा पट्टा आणि शेपटीजवळ गुलाबी पिसे. आज मार्चचा पहिला आठवडा आहे. काही घरट्यांवर पक्षी बसून आहेत, काहींत पिल्लांची हालचाल दिसते, तर झुबक्याच्या कडेला अजून नव्या काड्या येत आहेत.

अडचण अशी की ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून या तलावातील गाळ काढण्याचे ग्रामसभेत ठरले आहे आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत पोकलेन येणार आहे. बाभळीही काढून तलाव ‘स्वच्छ’ करावा, असे काहींचे म्हणणे आहे. गावातील निम्मी जमीन मुरमाड असल्याने गाळाची गरज खरी आहे आणि त्याला विरोध करण्याचा माझा विचारही नाही. तथापि ग्रामपंचायतीसमोर बोलायचे तर माहिती पक्की हवी. ही पिल्ले केव्हापर्यंत उडतील? काम पुढे ढकलायचे झाल्यास किती? आणि सरपंचांनी मला विचारलेला एक प्रश्न मीही येथे विचारतो : पैठणला नाथसागराएवढे पाणी आणि सरकारी अभयारण्य असताना या पक्ष्यांना आमचाच तलाव कसा सापडला?

पाणवठा

गुरुजी, सरपंचांचा प्रश्न थट्टेचा वाटला तरी त्याच्या उत्तरातच आपली बाकीची उत्तरे आहेत, म्हणून तेथूनच सुरुवात करते.

जायकवाडीच्या जलाशयाला, म्हणजेच नाथसागराला, १९८६ मध्ये पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटरचा हा विस्तार चरण्यासाठी, उतरण्यासाठी आणि हिवाळा काढण्यासाठी अप्रतिम आहे, आणि चित्रबलाकही तेथे थव्याने दिसतात. परंतु पोट भरण्याची जागा आणि वीण घालण्याची जागा या पक्ष्यांच्या हिशेबात वेगळ्या असतात. विणीसाठी त्यांना तीन गोष्टी एकाच वेळी लागतात : पाण्याने वेढलेली मजबूत झाडे, उडून सहज पोहोचता येईल अशा अंतरावर उथळ पाण्यातले भरपूर छोटे मासे, आणि पिल्ले उडेपर्यंत टिकणारी शांतता. नाथसागर हा पसरट जलाशय आहे. उन्हाळ्यात त्याची पातळी थोडी उतरली तरी पाण्याची कड खूप मागे सरकते आणि मागे उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेराची पिके उभी राहतात. जानेवारीत पाण्यात असलेले झाड एप्रिलमध्ये रानात उभे असेल, तर त्याच्याखाली कोल्हे, कुत्री, रानमांजरे आणि माणसे सगळीच येऊ शकतात. आपल्या तलावातील झुबक्याला आतापर्यंत पाण्याचा वेढा मिळाला, म्हणून पक्ष्यांनी तो निवडला. पुणे जिल्ह्यातील इंदापूरजवळच्या भादलवाडी तलावाचे उदाहरण पाहा. शेजारी उजनीचा अफाट फुगवटा असूनही चित्रबलाकांनी वसाहत केली ती त्या लहान तलावातील बाभळींवर, आणि चरायला ते उजनीकडे जातात.

गावठी बाभूळ त्यांना इतकी का मानवते, हेही सांगण्यासारखे आहे. ती महिनोन्महिने पाण्यात उभी राहूनही तग धरते, तिचा माथा पसरट असतो आणि काट्यांच्या जाळीत काड्यांचा माचा वाऱ्याने सहसा निसटत नाही. माचा पुरेसा भक्कम झाला की त्यात पाने आणि पाणवनस्पती अंथरल्या जातात. एका झाडावर दहा-दहा घरटी एकमेकांना टेकलेली असतात आणि शेजाऱ्याचा पाय आपल्या हद्दीत पडला की चोचींची खडाजंगी होते. प्रौढ चित्रबलाक जवळजवळ मुका असतो. घरट्यावर चोचीचे दोन भाग आपटून केलेला खडखडाट आणि एखादा दबका कण्हण्यासारखा आवाज, एवढेच त्याचे बोलणे. आपल्याला जो कलकलाट ऐकू येत असेल तो भुकेल्या पिल्लांचा आहे.

आता वेळेचा हिशेब. एका घरट्यात साधारणपणे दोन ते चार अंडी असतात, नर आणि मादी पाळीपाळीने ती सुमारे महिनाभर उबवतात आणि पिल्लू उडण्याजोगे होण्यास आणखी दोन महिने लागतात. म्हणजे अंडी घातल्यापासून तीन महिने धरावेत. जानेवारीअखेरीस अंडी पडलेल्या घरट्यांतील पिल्ले एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यात उडतील. परंतु वसाहतीतील सगळी घरटी एकदम सुरू होत नाहीत. कडेला आज ज्या काड्या येत आहेत, त्या घरट्यांत मार्चमध्ये अंडी पडतील आणि त्यांतील शेवटची पिल्ले जूनच्या मध्याच्या सुमारास झाड सोडतील. उडायला लागल्यावरही ती काही दिवस घरट्यावर परतून आईबापांकडून खाणे घेतात.

उन्हाळ्यासारख्या कडक दिवसांत वीण का, असा प्रश्न कोणीतरी ग्रामसभेत विचारेलच. त्याचे उत्तर मासे पकडण्याच्या पद्धतीत आहे. चित्रबलाक बगळ्यासारखा नेम धरून मासा टिपत नाही. तो अर्धवट उघडी चोच पाण्यात बुडवतो, ती डावी-उजवीकडे फिरवतो, पायाने चिखल ढवळतो आणि माशाचा स्पर्श होताच चोच मिटतो. त्याच्या अमेरिकेतील जवळच्या नातलग जातीवर १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चोच मिटण्याचा हा वेग एका सेकंदाच्या चाळीसाव्या भागाएवढा, म्हणजे २५ मिलिसेकंद मोजला गेला. ही पद्धत गढूळ पाण्यातही चालते, मात्र त्यासाठी मासे दाट हवेत. पावसाळ्यात मासे अंडी घालतात, हिवाळ्यात त्यांची पिल्लावळ वाढते आणि मग पाणी आटत जाऊन तेच मासे लहान डबक्यांत कोंडले जातात. दख्खनच्या पठारावर हा कोंडण्याचा काळ फेब्रुवारी ते मे असतो. उत्तरेत भरतपूरला किंवा दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयातील तळ्यात, जेथे रानटी चित्रबलाक दरवर्षी आपणहून येऊन घरटी करतात, वीण ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होते आणि तमिळनाडूतील वेडंथांगलला ती ईशान्य मोसमी पावसाबरोबर नोव्हेंबरच्या सुमारास. पक्षी तोच, वेळापत्रक पाण्याचे.

पोकलेन एप्रिलच्या मध्याला आल्यास काय होईल, ते सरळ सांगते. त्या दिवसांत दुपारचे ऊन चाळीस अंशांच्या पुढे असते आणि लहान पिल्लांच्या अंगावर जेमतेम लव असते. म्हणून आईबापांपैकी एक जण सूर्याकडे पाठ करून, पंख पसरून त्यांच्यावर सावली धरतो. करकोच्यांच्या अनेक जातींत मोठे पक्षी चोचीत पाणी आणून पिल्लांना पाजतात आणि त्यांच्या अंगावरही सोडतात. यंत्राच्या आवाजाने मोठे पक्षी उठले की सावली जाते, अंडी आणि पिल्ले कावळे-घारींना मोकळी मिळतात, आणि हे रोज घडू लागले तर वसाहत अर्ध्यावर सोडली जाते. त्यामुळे झुबक्याजवळचे काम या हंगामात पूर्णपणे टाळणे, एवढीच माझी शिफारस आहे. उरलेल्या तलावाबद्दल बांधकामातील जाणकारांनी सांगावे.

गव्हाण

गुरुजींच्या भावनेचा आदर आहे, पण शेतकऱ्याची बाजूही येथे यायला हवी. माझे शेत शेजारच्या तालुक्यात आहे. गाळ काढण्याची खिडकी मुळात लहान असते. एप्रिलपर्यंत पाणी असते आणि जूनला पाऊस येतो. मधल्या दीड-दोन महिन्यांत यंत्र, डिझेल, टिपर आणि शेतकऱ्याच्या हातातला पैसा या चारही गोष्टी जुळून याव्या लागतात. ‘जूनच्या मध्यापर्यंत थांबा’ याचा व्यवहारातला अर्थ ‘यंदा काम करू नका’ असाच होतो, आणि पुढच्या वर्षी पक्षी पुन्हा आले तर पुन्हा तेच. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटून लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना तलावातील प्रत्येक हात खोलीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरे असे की हे पक्षी काही एका झाडाला बांधलेले नाहीत. ते जागा बदलतात, असे जाणकारच सांगतात. मग येथल्या बाभळी गेल्या तर ते दुसरा तलाव शोधणार नाहीत का? आणि तलावाचा मासेमारीचा ठेका ज्यांच्याकडे आहे, त्यांचे काय? एवढे पक्षी आणि त्यांची पिल्ले रोज किती मासे खात असतील, याचाही विचार झाला पाहिजे.

तराफा

मासेमारीचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हाच धंदा आहे आणि माजलगावच्या पाण्यात मी स्वतः जाळी टाकतो.

मच्छीमार सोसायटी पावसाळ्यात तलावात जे मत्स्यबीज सोडते ते रोहू, कटला आणि मृगळ यांचे. मार्चपर्यंत हा मासा बोटभर राहिलेला नसतो आणि तो खोल पाण्यात असतो. करकोचा गुडघाभर पाण्यात चालणारा पक्षी आहे. त्याच्या चोचीत कडेच्या पाण्यातले लहान मासे, चिलापीची पिल्ले आणि ज्याला बाजारात भाव नाही असा बारीकसारीक मासा जास्त जातो. आमच्या नुकसानीचे खरे नाव पाणकावळा आहे, कारण तो बुडी मारून खोलातला मासा काढतो, आणि त्याच्यावरही मी फार राग धरीत नाही. चिलापी बेसुमार वाढली की रोहू-कटल्याचे खाणे तीच फस्त करते. ती कोणी कमी करीत असेल, तर आम्ही त्याला ठेक्यातून वजा का करावे? उलट या पक्ष्यांची जी विष्ठा पाण्यात पडते तिने पाण्यात शेवाळ आणि सूक्ष्म जीव वाढतात आणि माशाला खाद्य मिळते. शेण-खत टाकून तळी तयार करणाऱ्याला हे नवे नाही.

माझी चिंता वेगळी आहे. आमच्यातीलच काही जण तंगुसाची फाटकी जाळी बाभळींना अडकवून तशीच सोडतात. त्यात पक्ष्यांचे पाय आणि पंख गुंततात, आणि सुटायला धडपडणारा पक्षी घरट्यावरच लटकून मरतो. गुरुजी, आपल्या तलावाच्या सोसायटीला एवढे एक सांगा की विणीच्या काळात झुबक्याच्या आसपास जाळे लावू नये, आणि पक्षी गेल्यावर चप्पूतून जाऊन जुनी जाळी काढून घ्यावी. हे काम आमच्याच लोकांना येते, दुसऱ्या कोणाला त्या काट्यांत शिरता येणार नाही.

सांडवा

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो असून लघु तलावांच्या कामांतच नोकरीचा बहुतेक काळ गेला. येथे गाळ विरुद्ध पक्षी अशी जी मांडणी होत आहे, ती तलावाच्या तळाकडे पाहिल्यास बरीचशी सैल होते.

ओढ्याचे पाणी तलावात शिरताच त्याचा वेग मोडतो. त्यामुळे जड वाळू, गोटे आणि भरड माती वरच्या अंगालाच बसते, आणि बारीक, चिकट, सुपीक गाळ पाण्याबरोबर पुढे जाऊन पाळूच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, बाजूला, खोल भागात स्थिरावतो. म्हणजे शेतकऱ्याला मुरमाड रानावर पसरण्यासाठी जो काळा गाळ हवा आहे तो बाभळींच्या मुळाशी नाहीच. झुबक्याजवळ खोदून टिपरमध्ये भरली जाईल ती मुख्यतः वाळू आणि रेवट. गव्हाण यांनी याची खात्री स्वतः करून घ्यावी : दोन्ही ठिकाणची माती मुठीत घेऊन ओली करावी आणि तिची वळी वळते का, ते पाहावे.

मग यंत्रे वरच्या अंगालाच का लागतात? कारण ती जागा सर्वांत आधी कोरडी होते. मार्चअखेरीस खोल भागात पाणी असते, यंत्राचे भाडे सुरू झालेले असते, आणि चालक जेथे यंत्र रुतणार नाही तेथे खोदायला लागतो. कागदावर घनमीटर भरतात, शेतात वाळू जाते. हे मी अनेक कामांवर पाहिले आहे आणि त्याला पक्षी असण्या-नसण्याशी काही देणेघेणे नाही. आपल्या तलावावर सुरुवात दोन्ही कुशींवरून, म्हणजे डाव्या आणि उजव्या काठाच्या उघड्या पडलेल्या पट्ट्यांवरून करावी, आणि मे महिन्यात पाणी जसे आटेल तसे पाळूच्या दिशेने सरकावे. पाळूच्या पायथ्याशी मात्र खोदू नये, आणि हा साठवण तलाव असल्याने गाळाचा थर संपून मुरूम दिसू लागला की तेथेच थांबावे. गाळाखालची पाझरणारी जमीन उघडी केली, तर पुढील वर्षी पाणी डोळ्यांदेखत जिरते आणि खोली वाढवल्याचा फायदा उरत नाही. उरलेले पाणी पंपाने उपसून तळ लवकर कोरडा करण्याचा मोह तर पूर्णपणे टाळावा. त्याने झुबक्याभोवतीचा वेढा, पक्ष्यांचे मासे आणि सोसायटीचे मासे अशा तिन्ही गोष्टी एकाच आठवड्यात जातात.

तरीही एक अडचण राहते आणि ती मान्य केली पाहिजे. वरचा अंग उथळ असल्याने झुबक्याखालचे पाणीही आधी आटणार. यंदा त्यावर उपाय नाही, फक्त पाणी हटल्यावर तेथे गुरे, कुत्री आणि माणसे जाऊ नयेत म्हणून काट्यांचे कुंपण करता येईल. पुढील वर्षासाठी मात्र पक्षी गेल्यानंतर, पाऊस सुरू होण्याआधी जे थोडे दिवस मिळतील त्यांत झुबक्याभोवती चर खोदून घ्यावा. झाडांच्या मुळांना धक्का लागणार नाही इतका तो दूर असावा आणि उन्हाळाभर त्यात पाणी राहील इतका खोल. निघालेली रेवट आतल्या बाजूला टाकून दोन-तीन उंचवटे करावेत आणि त्यांवर बाभळीचे बी टाकावे. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात पाण्यात मातीचे उंचवटे करून त्यांवर बाभळी वाढवलेल्या आहेत आणि करकोचे त्यांवर घरटी करतात, तेव्हा ही पद्धत आजमावलेली आहे. हे बी यंदाच पडले पाहिजे, असे म्हणण्याचे कारण की सतत विष्ठा पडून घरट्यांची झाडे काही वर्षांत वाळू लागतात. आजचा झुबका कायमचा नाही आणि नवे झाड घरटे पेलण्याजोगे होण्यास वर्षे लागतात. वेडी बाभूळ आपोआप येईल, तिच्यासाठी कोणी कष्ट घेण्याची गरज नाही.

‘पक्षी दुसरीकडे जातील’ या म्हणण्याबद्दल एवढेच : ते जातील, हे खरे आहे, परंतु अंडी आणि पिल्ले घेऊन जाऊ शकत नाहीत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे तीत वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी नष्ट करणेही येते, आणि त्यासाठी जागा अभयारण्यात असावी लागत नाही. ग्रामपंचायतीने वन परिक्षेत्र अधिकाऱ्यांना आत्ताच लेखी कळवून स्थळपाहणी मागावी. उद्या कोणी घाईने झाडे पाडली तर नाव ठरावावर सही करणाऱ्यांचे येते, हे सरपंचांना समजावून सांगा. माझ्या अनुभवात या एका वाक्याने बऱ्याच बैठका शांत होतात.

गव्हाण

सांडवा साहेब, वरच्या अंगाच्या वाळूबद्दलचे आपले म्हणणे मला पटले. आमच्या तलावावरून आणलेल्या काही खेपांत तशीच रेवट निघाली होती आणि आम्ही ठेकेदाराला दोष देऊन मोकळे झालो. कुशीवरून काम सुरू करण्यास शेतकऱ्याची हरकत असण्याचे कारण नाही, फक्त टिपरचा रस्ता झुबक्याकडून जात असेल तर तो वळवण्याचा खर्च कोण देणार, हे आधी ठरले पाहिजे. मुरूम टाकून तात्पुरता रस्ता करावा लागतो आणि तो खर्च नेहमी शेवटी गाळ नेणाऱ्याच्याच अंगावर येतो.

सिंदफणाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आमच्या तलावावर टिपरचा जुना रस्ता खरोखर ओढ्याच्या बाजूनेच आहे, त्यामुळे गव्हाण यांचा मुद्दा मी ग्रामसभेत सर्वांत आधी मांडेन. उजव्या कुशीवरून पाणंद आहे, ती रुंद करून घेता येईल का, हे पाहतो. सोसायटीच्या अध्यक्षांशी जाळ्यांबद्दल बोलणे झाले आणि त्यांनी होकार दिला आहे.

पाणवठा ताईंना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. कामाच्या वेळी यंत्र किती अंतरावर राहिले म्हणजे पक्षी विचलित होणार नाहीत? आणि मागील वर्षी झाडाखाली पडलेली काही पिल्ले मुलांनी उचलून शाळेत आणली होती. तशी वेळ पुन्हा आल्यास काय करावे?

पाणवठा

गुरुजी, अंतराचा एकच आकडा देणे मी टाळते, कारण रोज गुरे आणि माणसे पाहणारी वसाहत थोडी धीट असते आणि आडरानातली अधिक बुजरी. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातील कोक्करेबेल्लूरमध्ये चित्रबलाक आणि झोळीवाले पेलिकन थेट घरांलगतच्या चिंचांवर घरटी करतात, खाली बैलगाड्या चालतात, आणि गावकरी झाडाखालची विष्ठा गोळा करून शेताला खत म्हणून वापरत आले आहेत. त्या पक्ष्यांना माणसाची पिढ्यांची सवय आहे. आपले पक्षी येथे नवे आहेत, म्हणून त्यांच्या वागण्यावरून अंतर ठरवा. घरट्यावर बसलेला पक्षी उठून उभा राहिला, मान ताणून एकाच दिशेला पाहू लागला, की तेथून मागे सरायचे. उडेपर्यंत थांबायचे नाही. कामाच्या पहिल्या दिवशी कोणीतरी पाळूवर दुर्बीण घेऊन बसावे, यंत्र सर्वांत लांबच्या टोकाला सुरू करून हळूहळू जवळ आणावे आणि जेथे पक्षी उभे राहू लागतील त्याच्या बऱ्याच अलीकडे खांब रोवून लाल कापड बांधावे. पोकलेनच्या चालकाला कायद्यापेक्षा लाल कापड लवकर समजते. काम सकाळी लवकर सुरू करून अकराच्या आत थांबवता आले तर अधिक चांगले, कारण भर उन्हात सावली धरणारा पक्षी उठणे हेच पिल्लांना सर्वांत महागात पडते.

पडलेल्या पिल्लांबद्दल. करकोच्याच्या घरट्यात सगळी पिल्ले एकाच दिवशी फुटत नाहीत. अंडी काही दिवसांच्या अंतराने पडतात आणि उबवणे आधीच सुरू झालेले असते, त्यामुळे मोठे पिल्लू आणि धाकटे पिल्लू यांच्यात ठळक फरक असतो. मासे कमी पडले की धाकट्याच्या वाट्याला काही उरत नाही, आणि घरट्याखाली सापडणाऱ्यांत अशी धाकटी पिल्ले बरीच असतात. हे दरवर्षी काही प्रमाणात घडणारच, त्यात मुलांचा किंवा गावाचा दोष नाही. पिल्लू हाताळू लागल्यास ते पोटातले मासे ओकते आणि मान टाकून मेल्यासारखे पडून राहते. हा त्याचा बचाव आहे, त्यामुळे मेले असे समजून कोणी ते टाकून देऊ नये. चोचीत बोटाने पाणी किंवा दूध घालण्याचा उपद्व्याप करू नका, पाणी श्वासनलिकेत जाते. सावलीत, हवेशीर खोक्यात ठेवून वनविभागाला कळवावे आणि त्यांच्या ताब्यात द्यावे. मुलांना झाडावर चढून ते परत ठेवू देऊ नका. त्या चढण्याने इतर दहा घरटी उठतात आणि काट्यांचा धोका वेगळाच.

मुलांना काम द्यायचेच असेल, तर पाळूवर एक जागा ठरवून आठवड्यातून एकदा तेथूनच मोजणी करायला लावा : किती घरट्यांवर पक्षी बसून आहे, किती घरट्यांत पिल्ले दिसतात, आणि झुबक्याखाली पाणी आहे की नाही. पिल्लू ओळखायला कठीण नाही, त्याची पिसे मळकट असतात आणि पाठीवर गुलाबी रंग नसतो. वन परिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे अर्जासोबत हीच वही न्या. घरट्यांचे जवळून काढलेले फोटो मात्र मुलांच्या मोबाइलवरून कोणत्याही गटात जाणार नाहीत, हे पाहा. लांबून घेतलेला तलावाचा एक फोटो अर्जासाठी पुरेसा आहे.

सांडवा

ताईंच्या सूचनेत एक भर. मोजणीच्या वहीत पाण्याची पातळीही लिहा. सांडव्याच्या भिंतीवर फुटांच्या खुणा रंगवून घेतल्या तर तिसरीतील मूलही ती वाचू शकते. झुबक्याखालचे पाणी कोणत्या पातळीला हटते, हे यंदा कळले, तर चराची खोली पुढच्या वर्षी अंदाजाने ठरवावी लागणार नाही. टिपरच्या रस्त्याबद्दल : पाणंद रुंद करण्याआधी तिच्या दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांची लेखी संमती घ्या, कारण मी पाहिलेली कामे पक्ष्यांपेक्षा बांधावरच्या भांडणांनी जास्त वेळा बंद पडली आहेत.